भिंतीकडं तोंड करून थापलेल्या भाकरी

आमी मूळचे मेंढरामागचे लोक. तुमी लिहून घेताय तर तितूनच घ्या, म्हंजे पुढचं समजंल. पैठण रोडला चितेगावच्या पल्याड जो माळ हाय, आता तिथं कंपन्याच कंपन्या झाल्या, तिथं आमचं गाव, गाव म्हंजे काय, पावसाळ्यापुरतं घर, बाकीचं साल मेंढरामागं. पोलीस ॲक्शन झाली तवा माझा बाप कोकरं राखायच्या वयाचा व्हता असं सांगायचा, मी त्याच्या लई नंतरची. आमच्यात कुठं बी वाडा बसला, वाडा म्हंजे तो माडीचा नव्हं, मेंढरं बसवायची जागा, तर बाया पयले तीन दगडं मांडायच्या आन् भाकरीला बसायच्या, आन् बसायच्या दोघी. एक थापायची, एक शेकायची. एकटी बाई भाकर करत बसली तर जाणारा येणारा इचारायचा, काहून गं, घरात कोणी आजारी हाय का. हे एवढं ध्यानात ठिवा, कारण मला सांगायचंय ते माझ्या जावंचं, गिरजाबाईचं, आन् ती आमच्या हातची कशी गेली त्याचं.

माझं लगीन झालं तवा घरात सासू नव्हती. गिरजाबाई थोरली जाऊ, तिनंच मला माप ओलांडवून घरात घेतलं, पदर कसा घ्यायचा, कोणाम्होरं बसायचं नाय, समदं तिनंच शिकवलं. तोंडावर मी तिला अहो बाई म्हणायची, आता तिच्या माघारी मी तिला नुसतं ती म्हणते, चालतंय. बोलायची लई कमी. गडी माणसात तर तिचा आवाजच नाय, चार बाया जमल्या तरी ही आपली खाली बघून वाती वळत बसायची. पण चुलीपाशी बसलो, मी थापायला, ती शेकायला, मधी चूल, तिची नजर तव्यावर आन् माझी काटवटीत, की मंग तिचं तोंड उघडायचं. काय सांगू तुमाला, आमची कचेरी तिथंच भरायची. माझे दीर, म्हंजे तिचे मालक, मेंढरं रोड वलांडताना ट्रकखाली गेले. तवा ती रडली नाय. लोक म्हणले बाई दगडाची हाय. मंग बरेच दिवस गेले, आन् एका संध्याकाळी भाकर उलथता उलथता म्हणली, चंद्रे, त्या सकाळी जाताना त्यांनी पाणी मागितलं व्हतं आन् मी म्हणलं घ्या की हातानं. एवढंच म्हणली. तव्यावरची भाकर करपून गेली आन् आमी दोघी रडत बसलो. माझं बी तसंच, पयलं लेकरू पोटातच गेलं ते मी नवऱ्याच्या आधी तिला सांगितलं, पीठ मळताना. असलं काय तोंडाकडं बघून सांगता येतं का. हात चालू पायजे, नजर दुसरीकडं पायजे, मंग येतं.

दीर गेल्यावर मेंढरं राखायला माणूस राह्यलं नाय. इकून टाकली. आमचे मालक वाळूजला कंपनीत लागले, आमी बजाजनगरला आलो, दोन खोल्या आन् पाठीमागं पत्र्याचं शेड. तवा तिथं आताच्यावाणी दुकानं नव्हती, नुसता मुरूम आन् वारं. गिरजाबाईला मूलबाळ नव्हतं, ती कुठं जाणार, ती आमच्याच संगं. माझी मंगल आन् माझा संतोष तिच्याच मांडीवर मोठे झाले, मला आई म्हणायचे आन् तिला मोठी आई, आन् भूक लागली की तिच्याकडं जायचे. मंग मालकांनी एक दिवस कंपनीतली दोन पोरं जेवायला आणली, जालन्याकडची व्हती, भाकरीवाचून वाळून गेल्ती बिचारी. गिरजाबाईनं त्यांना येसराची आमटी आन् भाकर वाढली, तर एक पोरगं खाता खाता रडायलाच लागलं. दुसऱ्या दिवशी चार आले. अशी आमची खानावळ सुरू झाली, कोणी ठरवून केलेली नाय.

आता मालकाचं कंपनीतलं काम काय, तर टाइम स्टडी. तिथं एक साहेब व्हता, गळ्यात घड्याळ, हातात पुठ्ठा. मशीनवरचा माणूस सामान उचलायला वेळ किती घेतो, वळतो किती, वाकतो किती, ते त्यानं बघायचं. आन् मालकांनी खडू घेऊन त्याच्या मागं, माणूस जिथं पाऊल टाकंल तिथं जमिनीवर रेघ मारायची. मशीनवरची पोरं ह्यांच्यावर खार खाऊन असायची, आला बघा घड्याळवाला म्हणायची. पण ह्यांना ते काम लई आवडायचं. घरी येऊन सांगायचे, एक माणूस पान्यासाठी दिवसभर मागं वळून वळून थकत व्हता, साहेबांनी पाना त्याच्या उजव्या हाताला टांगून दिला, त्याची कंबर दुखायची थांबली. हे शास्त्र हाय म्हणायचे. काम बघायचं, त्याचे तुकडे पाडायचे, कामाचं कोणतं, गरजेचं कोणतं आन् फालतू कोणतं. फालतू तेवढं काढून टाकायचं. माणूस तोच, हात तेच, पण काम जास्ती आन् थकवा कमी. सातवी शिकलेला माणूस, पण हे बोलायला लागला की असा रंगायचा जसा कीर्तनाला उभा हाय. चहा बशीत वतून पिणं बी त्यांनी फालतूत टाकलं, आन् मंग जीभ भाजून घेतली, आमी दोघी पदरात तोंड घालून हासलो.

पण खोटं कशाला बोलू, त्यांच्या शास्त्रानं खानावळीचं लई भलं झालं. आधी आमच्याकडं नुसता गोंधळ. शिफ्टची बस यायच्या टायमाला समदे मेंबर एकदम यायचे, मेंबर म्हंजे महिन्याचे जेवणारे, हात धुवायला एकच नळ, पाणी एकीकडं, ताटं दुसरीकडं, मी आमटी घेऊन दाराशी, तर भाकर मागणारं पोरगं पार भिंतीशी. कोणी अर्धं जेवून पळायचं, कोणाची बस हुकायची, बस हुकली की त्या दिवसाचा खाडा. मालकांनी एक रविवार उंबऱ्यात बसून निस्तं बघितलं. खडूनं फरशीवर माझ्या पावलांच्या रेघा मारल्या, सगळी फरशी पांढरी झाली. मंग म्हणले, हे बघ, तू घरातल्या घरात रोज पार शहराच्या पल्याड शेंद्र्यापोतर चालून येतीस. माठ दाराशी आणला, नळाच्या बाजूला ताटांची मांडणी, हात धुतला की ताट, ताट घेतलं की समोर आमटी, मंग बसायची जागा. जे पोरगं पयल्या शिफ्टचं ते आतल्या बाजूला, उशिराचं बाहेरच्या. दुसऱ्या आठवड्यापासून कोणाची बस हुकली नाय. माझे पाय रात्री ठणकायचे ते थांबले. पोरं म्हणायची, काकू, तुमच्याकडं जेवण बी घरचं आन् टाइम बी कंपनीचा. गिरजाबाई बी म्हणली, भाऊजीच्या डोक्याला मानलं पायजे, अर्थात मला म्हणली, भाकर शेकताना, भाऊजीला नाय.

मंग मालकाची कंपनी बंद पडली. एकदम नाय, हळूहळू, आधी एक पाळी गेली, मंग दुसरी, मंग गेटाला कुलूप. लई लोकांचे हाल झाले, काही दारूला लागले. आमचे मालक तसल्यातले नव्हते. पण माणूस रिकामा बसला की त्याच्या डोक्यातलं शास्त्र काय रिकामं बसतं व्हय. समदं घड्याळ आमच्या शेडात आलं. त्यातच चितेगावच्या एका कारखान्याच्या जेवणाच्या डब्यांचं काम मिळालं, रोज टेम्पो येणार, ठरल्या टायमाला डबे भरलेले पायजेत. आमच्यावर घर व्हतं, मंगलच्या लग्नाचं कर्ज फिटायचं व्हतं, संतोष शिकत व्हता. काम सोडून चालणारच नव्हतं, हे बी तुमी लिहा. मालकांनी काय चंगळ म्हणून केलं नाय ते.

त्यांनी तीन दिवस चुलीपाशी बसून आमच्याकडं बघितलं. आता गडी माणूस समोर बसल्यावर गिरजाबाई बोलणार का. तरी सवयीनं मधीच एखादं काही बोलायची, मी उत्तर द्यायची, आन् हे घड्याळ दाबायचे. मंग म्हणले, तुमी बोलता तवा हात हळू पडतो, तुमाला कळत नाय पण पडतो. आन् एक चूल, एक तवा, थापणारी शेकणारीची वाट बघती आन् शेकणारी थापणारीची. त्यांनी शेडातली मातीची चूल मोडली. चूल आमच्यात बाईमाणूस मांडतं आन् बाईमाणूसच मोडतं, पण ह्यांनी कुदळ घेतली आन् मोडली. गॅसच्या शेगड्या आणल्या, शहाबादी लावून भिंतीला लागून ओटा केला. गिरजाबाई ओट्यापाशी उभी, तोंड भिंतीकडं, तिनं निस्तं थापायचं. बाजूला शेकायला एक पगारी बाई ठेवली, बिहारकडची, तिला मराठी येईना. मी बाहेर, डबे भरायला आन् मेंबरला वाढायला, कारण मेंबर मला वळखायचे. कोणाला दुसरीकडं बघायचीच गरज पडू नये अशी मांडणी. आन् काम वाढलं हो. तुमी इचाराल म्हणून सांगते, दीडपट झालं. टेम्पो कधी थांबला नाय. डबेवाला कारखान्याचा साहेब येऊन बघून गेला आन् मालकाची पाठ थोपटून गेला.

तिनं एकदाच तोंड उघडलं. दीराशी आडून बोलायची ती, माझ्याकडं बघून बोलली, चंद्रे, भाऊजींना म्हणावं आमाला समोरासमोर बसू द्या की. मालक हासले. म्हणले, वहिनी, तुमी आता संध्याकाळी लौकर मोकळ्या व्हता का नाय, मंग बसा की दारातल्या वट्यावर निवांत, पोटभर बोला, कोण नाय म्हणतंय. आन् ते खरंच व्हतं. आधी आमाला रात्री भांडी होईपोतर उसंत नसायची, आता दिवस मावळायला आमी दोघी मोकळ्या. दाराच्या वट्यावर बसायचो. ती बसायची, मी बसायची. हात मांडीवर. आन् सुचायचंच नाय काही. तुमाला खरं वाटणार नाय, वीस-बावीस वर्सं चुलीपाशी ज्या बाईचं बोलणं सरलं नाय ती वट्यावर बसून म्हणायची, वारं सुटलं आज. मी म्हणायची, व्हय, सुटलं. रोडनं गडी माणसं येजा करायची, ती पदर वढून घ्यायची. मंग संतोषनं टीव्ही आणला, मंग आमी टीव्हीपुढं बसायला लागलो. मालक म्हणायचे, बघा, माणसाला जगायला बी टाइम मिळाला. त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांना वाटायचं, वेळ वाचवून दिला म्हंजे तो वेळ जिथनं काढला तिथनं उचलून तसाच्या तसा दुसरीकडं लावता येतो.

त्या सालात ती वाळत चालली. मी बघितलं ना, आंधळी नव्हते मी. म्हणलं बाई जेवण कमी झालं तुमचं, तर म्हणायची वय झालं. उभ्यानं थापून खांदा दुखतो म्हणायची, डावा हात जरा जपून हालवायची. मालकांनी लगेच ओटा कमी उंचीचा करून दिला, पायाखाली पाट दिला, म्हणले खांद्याला तकलीफ नको. एवढी काळजी करायचे. एक दिवस दुपारची ती ओटा सोडून बाहेर माझ्याकडं आली. ती तशी कधी यायची नाय. दाराच्या चौकटीला धरून उभी राह्यली, पीठ लागलेला हात छातीशी धरलेला, आन् म्हणली, चंद्रे, जरा. एवढंच म्हणली. माझ्या हातात आमटीचं पातेलं, दुसऱ्या शिफ्टची पोरं ताटं घेऊन रांगेत उभी. मी म्हणलं, थांबा बाई, एवढी पंगत बसू द्या. पंगत बसली, उठली, मी आत गेले, म्हणलं बोला बाई, काय म्हणत व्हत्या. तिनं भिंतीकडं बघून थापता थापता सांगितलं असतं तर सांगितलं असतं, पण ती शेकणारी बाई बाजूला, मालक बी तिथंच शेगडीची नळी बघत बसलेले. म्हणली, काय नाय गं, मीठ सरत आलंय.

दिवाळीला मंगल बाळंतपणानंतर पयल्यांदा माहेरी आली. नरकचतुर्दशीला मोठ्या आईला मी उटणं लावणार म्हणून हट्ट धरून बसली. ही काही केल्या तयार होईना. नाय म्हणली, मी लावीन माझं हातानं. पोरगी लाडाची, ती काय ऐकती व्हय, न्हाणीत शिरली आन् पाठीवरचा पदर वढला. मंग मला जी हाक मारली ना तिनं, आई म्हणून, ती हाक मी अजून झोपेत ऐकते. गिरजाबाईच्या डाव्या छातीला गाठ, गाठ म्हणू नये अशी, वरची कातडी फुटलेली, त्याच्यावर तिनं हळद आन् खोबरेल तेलाची पट्टी बांधलेली. कधी बांधायची, कुठं धुवायची ती पट्टी, एका घरात राहून आमाला ठाव नाय. मी तिच्यावर वरडले. म्हणलं बाई, तोंड नव्हतं का तुमाला, मला सांगायचं नाय का, मी काय परकी हाय. तिनं तेलाची वाटी बाजूला सारली आन् म्हणली, वरडू नको, भाऊजी ऐकतील.

रिक्षानं दवाखान्यात नेलं, मालक पुढं बसलेले, आमी दोघी मागं. डॉक्टरीण बाई व्हती, भली व्हती, तिनं मालकाला पडद्याच्या बाहेर थांबवलं. पण पडदा तो कापडाचाच. डॉक्टरणीनं इचारलं, आजी, हे कधीपासून हाय. परत इचारलं, आठवून सांगा, महिना झाला का साल झालं. मंग ती खाली बघून म्हणली, चूल हलवली तवापासून. डॉक्टरणीला काय समजावं. ती म्हणली कोणती चूल आजी. मी सांगितलं, साल होत आलं बाई. आन् मला पडद्याच्या खालनं मालकाच्या चपला दिसत व्हत्या. ते पाय जागचे हालले नायत. डॉक्टरीण म्हणली, हे फार पुढं गेलंय, तरी आपण करू जेवढं करता येईल तेवढं. घरी आल्यावर रिक्षातनं उतरताना मालक गिरजाबाईला हात द्यायला गेले, दीरानं असा हात द्यायचा नसतो आमच्यात, तरी गेले, आन् तिनं बी धरला.

दुसऱ्या दिवशी मी उठून बघते तर शेडात ठाकठूक. मालकांनी ओटा फोडला. डब्यांच्या टेम्पोला सांगून टाकलं आज येऊ नको. कुठनं तरी पिवळी माती आणली, घोड्याची लीद आणली, आन् चूल घालायला बसले. आवो, चूल घालणं काय गड्याचं काम हाय का, वाकडी झाली, एक गाल वर, एक गाल खाली, तोंड एवढं मोठं की त्यात मेंढरू मावंल. गिरजाबाई बाजेवर पडून बघत व्हती. बऱ्याच वेळानं तिनंच सांगितलं, त्यांच्याकडं तोंड करून सांगितलं, भाऊजी, माती अजून मळा, अन् डावा गाल उतरवा. मालक मान खाली घालून म्हणले, व्हय वहिनी. एवढ्या वर्सात त्या दोघांचं सरळ एकमेकाशी झालेलं बोलणं ते एवढंच मला ठाव हाय.

पण ती काय आता शेकू शकत नव्हती. उपचार चालले, त्यानं केस गेले, पोटात पाणी ठरंना. मी तिला चुलीच्या पल्याड भिंतीला टेकून बसवायची, पाठीला वाकळ, आन् हातात निस्तं उलथनं द्यायची. थापायची बी मीच, शेकायची बी मीच, ती उलथनं धरून बसायची. आन् बोलायची हो. किती बोलायची. माहेरची एक शेळी, ती हिच्याच मागं मागं फिरायची. तिला लेकरू नाय म्हणून तिच्या सासूनं काय काय केलं, मला कधीच सांगितलं नव्हतं. दिरांचं, म्हंजे तिच्या मालकाचं, ते मुकाट्यानं तिचे पाय चेपायचे म्हणं, कोणाला सांगू नको म्हणायचे. मी म्हणलं, बाई, गाठीचं तेवढं का नाय सांगितलं. तर म्हणली, सांगायचंच व्हतं गं. रोज मनात म्हणायची आज सांगते. पण कसं सांगणार. तुझ्याम्होरं येऊन उभं राहून, माझ्या छातीला गाठ झाली, असं म्हणायचं? मला नाय जमलं. मंग म्हणली, भाऊजींना काही बोलू नको बरं का, त्यांनी आपल्या दोघींचे पाय दुखू नयेत एवढंच बघितलं. होळीच्या आधी गेली ती. माझ्यापुढंच गेली, दिवसाउजेडी, मी पाणी पाजत व्हते.

मालकांनी त्याच्या नंतर घड्याळ हातात घेतलं नाय म्हणणार नाय मी, घ्यायचे, पोट चालवायचं व्हतं. पण बोलणं कमी झालं. पुढं संतोष शिकला, त्याचं हेच शिक्षण, कारखाना कसा चालवायचा त्याचं शास्त्र, चिकलठाण्याला मोठ्या हुद्द्यावर हाय. खानावळ त्याची बायको चालवती, चार बाया हायेत, चपातीचं मशीन हाय. एकदा बापलेक बसले व्हते, संतोष म्हणला, बाबा, तुमी मनाला लावून घेऊ नका, तुमी केलं ते समदं बरोबरच व्हतं, आमाला बी हेच शिकवतात. मालक म्हणले, बरोबरच व्हतं रे. माठ बरोबर व्हता, ताटं बरोबर व्हती. मी फक्त ह्या दोघींचं बोलणं फालतूत धरलं. मालक आता थकलेत, डोळ्याला कमी दिसतं. मी त्यांना कधी दोष दिला नाय आन् देणार बी नाय. त्यांनी पडद्याच्या मागं उभं राहून जे ऐकलं त्याच्यावर मी आणिक काय बोलू.

दोष द्यायचा तर मी मलाच देते आन् मंग तो बी सोडून देते. ती पंगत मी पाच मिनिटं उभी ठेवली असती तर काय झालं असतं. पोरं काय मला खाऊन टाकणार व्हती. आता बाया मला इचारतात, काकू, जावंची एवढी आठवण काढता, आमचं तर जावंशी पटतच नाय. मी म्हणते पटायचं सोडा, संगं बसा. सुनंला बी सांगितलं, त्या चौघींना मशीनवर उभं करतीस ते कर, पण भाजी निवडायला खाली बसव, गोलात बसव, आन् तिथं तुझं मोबाइलचं घड्याळ लावू नको. ती ऐकती. तिला वाटतं सासू जुन्या वळणाची हाय. असंल.

तुमी किती येळचं ऐकताय, चहा बी थंड झाला तुमचा. तुमी आल्या तवापासून मीच बोलते, तुमी निस्तं लिहिताय. आधी तुमी माझ्याकडं बघत व्हत्या तवा मला काही सांगता येईना, मंग तुमी खाली मान घालून लिहायला लागल्या तवा आलं समदं. बाई, मी शिकलेली नाय, पण तुमच्या डोळ्याखालचं काळं मला सकाळपासून दिसतंय. ठिवा ते कागद आता. ही मेथीची जुडी घ्या, कवळी कवळी पानं इकडं टाका, काड्या तिकडं. मी ह्या शेंगा सोलते. मी तुमच्याकडं बघत नाय. बोला.